दिवस चौथा, जबलपूर : मोकळा वेळ

सातारा,
१८ डिसेंबर २०२४

प्रिय वसुधावहिनी,

नमस्कार. आधी आनंदाची बातमी सांगते, मग तिच्यातली खोच. मी जबलपूरला येते आहे, दादाला बघायला. गेल्या दोन वेळांसारखं नाही, या वेळी पैसे भरून झाले आहेत.

आता खोच. केतनने माझ्या वाढदिवसाची भेट म्हणून मला एका कंपनीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीत घातलं आहे. भोपाळ, पचमढी, जबलपूर, कान्हा आणि परत. फिरवतात, खाऊ घालतात, औषधांची आठवण करतात आणि घरच्या दारात आणून सोडतात म्हणे. मी त्याला म्हटलं, बाबा रे, मला वाघ नाही बघायचा, भाऊ बघायचाय. मला सरळ जबलपूरच्या गाडीत बसवून दे. तर म्हणाला, "आई, एकटीला नाही पाठवणार. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पडलीस ते विसरलीस का? आणि मला सुट्टी नाही." रश्मीलाही नाही. दोघांच्या नोकऱ्या आणि नातवाची शाळा यांच्यामध्ये टेकू म्हणून मी उभी आहे वहिनी. टेकू काढायचा तर त्या आठ दिवसांत रश्मीची आई येऊन राहणार, आणि ते आठ दिवस सहलीच्या तारखा बघूनच ठरलेत. मुलगा प्रेमाने देतोय, त्याला नावं कशी ठेवू? तेव्हा दुधाची तहान ताकावर.

माहितीपत्रकात चौथ्या दिवसापुढे असं छापलंय : ‘सकाळी भेडाघाट, धुवांधार, नौकाविहार. भोजनोत्तर चौसष्ट योगिनी मंदिर. संगमरवरी वस्तूंची खरेदी. सायंकाळी मोकळा वेळ.’ बाकीचं सगळं मी वाचून सोडून दिलं. त्या शेवटच्या तीन शब्दांवर बोट ठेवून बसले आहे. किती मोकळा, कधीपासून मोकळा, ते कुठेच नाही. ज्या गावात वाढले, जिथल्या गल्ल्या डोळे मिटून फिरेन, तिथे मला आता वेळ मागून घ्यायचा आहे.

दादाचं कसं आहे ते खरं खरं लिहा. तुमचा अनुपम बंगलोरहून केतनला फोनवर "ठीक चाललंय" सांगतो, त्यातून काही कळत नाही. दिवाळीच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की दादाने तुम्हालाच विचारलं, तुम्ही कोणाकडे आलात. मला तो ओळखेल ना? वहिनी, मला दुसरं काही नको. त्याने एकदा ‘पमी’ म्हणावं. आई-बाबा गेल्यावर पमी म्हणणारा जगात तो एकटाच उरलाय.

फोन करू नका. मला फोनवर ऐकू येत नाही आणि तुम्हाला तो फोनवर बोलू देत नाही. आपली पत्रंच बरी.

तुमची
प्रतिमा

•

गढा, जबलपूर
२७ डिसेंबर

प्रिय प्रतिमाताई,

तुमचं पत्र न्हाणीघरात नेऊन वाचलं. ह्यांच्यासमोर डोळ्यांत पाणी आलं की हे घाबरतात, आणि मग दोघांना आवरावं लागतं.

खरं खरं लिहा म्हणालात, म्हणून लिहिते. सकाळ वाईट जाते. दात घासायला लावलं की चिडतात. परवा मला म्हणाले, "कोण हो तुम्ही? काहून त्रास देऊन राहिल्या?" मी म्हटलं, मी तुमच्या घरची मोलकरीण. तर म्हणाले, "मग ठीक आहे." हसू की रडू, सांगा. संध्याकाळ तर त्याहून वाईट. दिवे लागायची वेळ झाली की "चला, घरी जाऊ" सुरू होतं. हे घर ह्यांनी उभं राहून बांधलेलं, एकेक वीट टिचकी मारून पाहिलेली, आणि ह्यातूनच घरी जायचं म्हणतात. मी फाटकाला कुलूप लावते. त्या वेळेला हे कोणालाच ओळखत नाहीत ताई. अनुपम आला होता, त्यालाही नाही. बिचारा बॅग घेऊन अंगणात उभा.

पण दुपारची झोप झाली, चहा झाला, की मधे थोडा वेळ असा येतो की मला माझा माणूस परत मिळतो. पेपर मागतात. फॅक्टरीतल्या गोष्टी सांगतात, अगदी नावानिशी. त्याच वेळात तुमचंही नाव निघतं. "पमी पेरूच्या झाडावरून उतरायचीच नाही, मग मी खाली उभा राहून बाबांना दुसरीकडे पाठवायचो," असं परवाच सांगितलं. ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत ते चालतं, मग पुन्हा धुकं.

म्हणून सांगते, तुमच्या कागदावरचा मोकळा वेळ आणि ह्यांचा मोकळा वेळ एक नाहीत. सायंकाळी आलात तर घरात फक्त एक घाबरलेला म्हातारा भेटेल. दुपारच्या चहाला या. भेडाघाटाहून शहरात येताना तुमची बस गढ्यावरूनच येईल, आमच्या गल्लीच्या तोंडावरून. ड्रायव्हरनं ब्रेकवर पाय ठेवला तरी पुरे. मी तिथे येऊन उभी राहीन. पूर्णिमा, आमची शेजारीण, तेवढा वेळ ह्यांच्याजवळ बसेल.

ह्यांना हॉटेलवर आणता आलं असतं तर आणलं असतं. पण फाटकाबाहेर नेलं की रस्त्यातच खाली बसतात.

वसुधा

•

सातारा,
६ जानेवारी २०२५

प्रिय वहिनी,

मोकळ्या वेळाचा शोध घेऊन आले. केतनला घेऊन कंपनीच्या कचेरीत गेले होते. तिथे नेहा नावाची गोड मुलगी आहे. तिला विचारलं, हा मोकळा वेळ किती? म्हणाली, "आजी, मोकळा वेळ म्हणजे हॉटेलवर फ्रेश व्हायचा वेळ." म्हटलं, मी सकाळीच फ्रेश होऊन निघेन, मग तो वेळ मला मिळेल का? तर म्हणाली ते टूर मॅनेजर ठरवतात. तो कधी ठरवतो? "त्या दिवशी." मग आत्ता मी काय ठरवू? "आत्ता तुम्ही फक्त एन्जॉय करायचं आजी."

मग मी आपली मागणी मांडली. भेडाघाटाहून येताना मला गल्लीच्या तोंडाशी उतरवा, परत मी रिक्षाने हॉटेलवर येते, मेलेबिले तर माझी मी जबाबदार. नाही म्हणाली. मधे कोणाला उतरवत नाहीत, आणि एकटं सोडत नाहीत. केतन शेजारी बसून अशी मान डोलवत होता की तिला त्यानेच शिकवून ठेवल्यासारखं वाटावं. बरं, मी खरेदीला येत नाही, तो वेळ द्या. तर खरेदीला बस थांबतेच आजी, ते कार्यक्रमात आहे. बरं, मला नौकाविहार नको, नर्मदेत मी परकरात पोहले आहे. तर सगळे बोटीत आणि तुम्ही काठावर एकट्या कशा? प्रत्येक दार ढकललं वहिनी. प्रत्येक दारामागे ती मुलगी हसतच उभी.

घरी येऊन हिशेब मांडत बसले. बोटीला रांग नसली, जेवण वेळेवर आलं, चाळीस म्हाताऱ्यांपैकी कोणाचा गुडघा धरला नाही, संगमरवरवाला जरा कमी लाघवी निघाला आणि कोणाला मधेच बाथरूमला जावंसं वाटलं नाही, तर बस तुमच्या चहाच्या वेळेला गढ्यात पोचते. पण शेवटची अट कोणी मोडणार असेल तर ती मीच, हे मला पक्कं ठाऊक आहे.

आता एकच उपाय राहिला. टूर मॅनेजरचं नाव आल्हाद आहे, आणि नावासारखाच सदा प्रसन्न असतो असं नेहा म्हणाली. त्याचा नंबर सोबतच्या चिठोऱ्यावर लिहिला आहे. तुमचा शब्द गोड आहे, तुम्हीच बोलून बघा. मी बोलले तर भांडण होईल.

प्रतिमा

•

गढा, जबलपूर
१३ जानेवारी

प्रिय प्रतिमाताई,

पूर्णिमाला ह्यांच्याजवळ बसवून मी तिच्या घरी गेले आणि आल्हादला फोन केला. पोरगा चांगला आहे हो. सगळं ऐकून घेतलं. ह्यांचं दुखणंही सांगितलं. त्याचे आजोबाही तसेच गेले म्हणाला. मग म्हणाला, "काकू, काळजी करू नका. नियम कडक आहेत, पण काहीतरी बसवतो."

मी इतकी सुखावले की फोन ठेवता ठेवता सवयीनं म्हणून गेले, "सगळ्यांनाच घेऊन या नं चहाला!" तोही हसला, मीही हसले. आपल्या घरची रीत तुम्हाला माहीतच आहे. हे इथल्या मराठी मंडळाचे सचिव होते तेव्हा नाटकवाले आले, परिक्रमावाले आले, कोणाच्या लग्नाचं वऱ्हाड गाडी चुकून अडकलं, सगळ्यांना ह्यांनी आपल्या अंगणात चहा पाजला. मराठी माणूस जबलपुरातून बिनचहाचा गेला तर ह्यांना आपली अब्रू गेल्यासारखं व्हायचं. इतक्या वर्षांत माझ्या तोंडालाही तेच वळण पडलंय. नमस्कार म्हणावं तसं ते निघून जातं.

इकडे माझी तयारी चालली आहे. जेवण रोज थोडं आधी वाढते, म्हणजे झोप आधी, चहा आधी. तुमचा लग्नाआधीचा फोटो कपाटातून काढून टेबलावर ठेवला आहे. चहा झाला की समोर धरते, हे कोण? परीक्षेला मुलाला बसवावं तसं चाललंय. पहिले काही दिवस ‘कोणी बाई’ म्हणाले. मंगळवारी मात्र बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "पमी आहे नं ही? कुठं गेली?" ताई, मला इतका आनंद झाला की मी ह्यांना साखरेचा चहा दिला, डॉक्टरांनी मना केलेला.

मी काही करत बसणार नाही. ना पुरी, ना शिरा. तुम्हाला ह्यांच्यासमोर बसवीन आणि दार लोटून आत जाईन. तुम्ही दोघं आणि तो पेरूच्या झाडाचा विषय. एवढंच ठरवलंय. या.

वसुधा

•

पचमढी,
२३ जानेवारी

वहिनी,

हॉटेलच्या कागदावर घाईने लिहिते आहे. पत्र माझ्याआधी पोचेल असं वाटत नाही, तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आज बसमध्ये आल्हादने माईक घेतला आणि म्हणाला, "मंडळी, एक सरप्राइज! जबलपूरला आपल्याला एका मराठी कुटुंबाकडून चहाचं प्रेमाचं आमंत्रण आहे! चौसष्ट योगिनीच्या पायऱ्या आपण वगळतोय, आणि आपला मोकळा वेळ तिथेच!" पायऱ्या वगळल्या म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या खोलीतल्या भानुमतीबाई, ज्यांना मी दबक्या आवाजात एवढंच सांगितलं होतं की तिथे माझा भाऊ आहे, त्या उठून ओरडल्या, "हिच्या माहेरी जायचंय!" पुन्हा टाळ्या.

मी त्याला जेवणानंतर गाठलं. म्हटलं, अरे, ते बोलायचं म्हणून बोलल्या. माणूस आजारी आहे. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "आजी, तुम्हाला एकटीला सोडू म्हणून मी ऑफिसला तीनदा विचारलं. नाहीच म्हणाले. पण सगळे गेले तर तो कार्यक्रम होतो, मग कोणी विचारत नाही. मी तुमच्यासाठीच केलं." खरं बोलत होता. त्याच्यावर रागावणार तरी कसं? मला हवी होती तीच वेळ त्याने काढून दिली आहे, दुपारच्या चहाची. फक्त सोबत चाळीस माणसं आहेत.

तो तुम्हाला फोन करेल. नाही म्हणा. तुम्हाला नाही म्हणता येणार नाही हे मला माहीत आहे. मलाही आलं नाही. भानुमतीबाईंनी दादासाठी शाल घेतली आहे.

प्रतिमा

•

गढा, जबलपूर
२ फेब्रुवारी

प्रिय प्रतिमाताई,

तुमचं पचमढीचं पत्र तुमची बस गेल्यावर दोन दिवसांनी आलं. फोन मात्र आदल्या दिवशी आला होता. आल्हाद म्हणाला, "काकू, उद्या येतोय बरं का सगळे!" माझ्या तोंडून काय निघावं? "या नं, या." फोन ठेवला आणि मी खुर्चीवर बसूनच राहिले. मग उठले. चाळीस माणसं म्हणजे काही नुसत्या चहावर होत नाही. पूर्णिमाकडून मोठं पातेलं आणलं, तिच्या नवऱ्याला खव्याच्या जिलबीसाठी पिटाळलं, मटार सोलायला सगळी गल्ली बसवली.

सगळ्यात आधी माफी मागते. तुम्ही फाटकातून आलात, मला मिठी मारली, आणि मी काय म्हणाले तर "ताई, आलं कुठं ठेवलं मी?" तुमच्याशी एक वाक्य धड बोलले नाही. दार लोटून देणार होते, पण दारातच भानुमतीबाईंची चप्पल आणि पंधरा माणसं. जिलबी पुरते की नाही या काळजीत तुमचा तो मोकळा वेळ माझ्या हातून वाफेसारखा गेला.

पण ताई, ह्यांना पाहिलंत? मला धडकी भरली होती की एवढी माणसं पाहून रस्त्यात बसतात तसे खाली बसतील. कसले बसतात! गर्दी पाहिली आणि ह्यांचे खांदेच मागे गेले. कुर्त्याची बटणं लावली, पायरीवर उभे राहिले आणि सुरू झाले, "महाराष्ट्रातून आलेल्या सर्व पाहुण्यांचं जबलपूरकरांच्या वतीनं मी स्वागत करतो. भेडाघाट पाहिलं नं? चांदण्यात पाहायचं असतं ते. चलो, पुन्हा या." एक शब्द चुकला नाही. मग एकेकाला हात जोडून नाव-गाव विचारत राहिले, जसे पूर्वी मंडळाच्या दारात उभे राहायचे. मी ट्रे घेऊन पाहतच उभी. इतक्या वर्षांनी माझा नवरा माझ्या अंगणात उभा होता.

आणि मग तुमची पाळी आली. मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं. ह्यांनी तुमचे दोन्ही हात धरले. दुसऱ्या कोणाचे धरले नव्हते. चेहरा कसा उजळला होता! कितीतरी बोलले. गर्दीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, पण तुमचे डोळे भरलेले दिसले. ओळखलं ताई! त्या फोटोची शाळा फुकट गेली नाही. तुम्ही चहा न पिताच बसमध्ये जाऊन बसलात, त्याचं वाईट वाटलं, पण मला कळलं. इतकं मिळाल्यावर घशाखाली काय उतरणार?

मी सगळ्यांना सांगून राहिले आहे. अनुपमला सांगितलं, तो फोनवर रडला. ह्यांनाही रोज चहानंतर सांगते, पमी येऊन गेली. तर हे ऐकत नाहीत. म्हणतात, "नाही आली. काहून खोटं बोलतेस?" मी म्हणते, आली होती, तुम्ही हात धरले होते. मग चिडतात. काल तर कप फेकला. विसरले असतील, दुसरं काय? पण मी सोडत नाही. आठवेल कधीतरी.

वसुधा

•

सातारा,
२० फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र येऊन बरेच दिवस झाले. रोज लिहायला बसायची आणि केतनच्या मुलाला गणित शिकवायचं निमित्त करून उठायची. तुमचा आनंद मोडायचा नव्हता. अनुपमही रडला म्हणालात, मग तर हात पुढेच जाईना. ठरवलं होतं की हे माझ्याबरोबरच जाऊ दे.

पण तुम्ही रोज त्याला सांगता आणि तो कप फेकतो. म्हणून लिहिते. वहिनी, त्याला खोटं पाडू नका. तो खरं बोलतोय. त्याची पमी आली नव्हती.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "दादा, मी." तो हात जोडून म्हणाला, "हो हो, या नं. ताई, आपण कुठल्या?" मागे रांग होती. भानुमतीबाईंची कोपरं माझ्या पाठीत. मला पुन्हा ‘मी पमी’ म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. त्याने तोंडावर ‘कोण पमी’ विचारलं असतं तर मी त्या पायरीवरच कोसळले असते. मी म्हटलं, "साताऱ्याची."

तेव्हा तो उजळला. ते तुम्ही बरोबर पाहिलंत. माझे दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "सातारा? अरे वा! साताऱ्याला माझी लहान बहीण दिली आहे. तुम्हाला भेटेल काय हो कधी? तिला सांगा, भाऊ आठवण काढून राहिला. पण म्हणा, असं गर्दीत येऊ नको. बोलणं होत नाही. निवांत ये म्हणा." मग आवाज बारीक करून म्हणाला, "तिला फुरसत नसते बिचारीला. म्हणून मी बोलावत नाही."

मी "सांगते" म्हटलं. पुढे सरकले. माझ्यामागच्या बाईंना त्याने त्याच आवाजात विचारलं, आपण कुठल्या.

बसमध्ये सगळे म्हणत होते, किती छान माणूस तुमचा भाऊ. मी हो म्हणत होते. आल्हाद येऊन पायाशी बसला आणि म्हणाला, "आजी, झालं ना मनासारखं?" त्यालाही हो म्हटलं. त्याला आणखी काय सांगणार?

पुन्हा यायचं केतनकडे काढलं. म्हणाला, "आत्ता तर जाऊन आलीस आई." त्याच्या परीने तेही खरंच आहे.

सोबत एक चिठ्ठी ठेवते आहे. दादाला वाचून दाखवा. निरोप दिला होता, तर तो पोचल्याचं त्याला कळायला हवं. तुम्हाला ठीक वाटलं तरच दाखवा.

प्रतिमा

ती. दादास,
शिरसाष्टांग नमस्कार. जबलपूरला जाऊन आलेल्या एक बाई मला इथे भेटल्या. तुझा निरोप त्यांनी शब्द न शब्द सांगितला. तुझी तब्येत छान आहे म्हणाल्या, तू सगळ्यांना चहा पाजलास म्हणाल्या. दादा, मला फुरसत नसते असं तुला कोणी सांगितलं? तू बोलाव की! निवांत ये म्हणालास ना, येते. तू आणि मी, मधे कोणी नाही. वहिनींनाही सांगू, तुम्ही काही करत बसू नका.
तुझी
पमी

•

गढा, जबलपूर
१५ मार्च

प्रिय प्रतिमाताई,

पत्र वाचलं त्या दिवशी मी काही केलं नाही. खिचडी टाकली आणि बसून राहिले. तुमच्यावर राग आला, खोटं नाही सांगत. मग वाटलं, माझ्यावरच यायला हवा. दारातून पाहिलेल्या हातांवर मी एवढा सण साजरा केला. अनुपमला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही केतनकडून कळू देऊ नका.

ह्यांची मी माफी मागितली. कशाची ते ह्यांना कळलं नाही, पण "चालायचंच" म्हणाले.

चिठ्ठी दाखवायची की नाही, हे ठरवायला आठवडा गेला. शेवटी एका दुपारी चहानंतर वाचून दाखवली. ह्यांनी पुन्हा वाचायला लावली. मग माझ्या हातातून घेतली, घडी घातली आणि खिशात ठेवली. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत विसरतील. मी तर रोज हीच प्रार्थना करते की ह्यांना काही आठवावं, आणि त्या दिवशी प्रार्थना केली की ह्यांनी हे विसरावं.

विसरले नाहीत ताई. सकाळी मला ओळखत नाहीत, अनुपमचं नाव सापडत नाही, जेवलो की नाही ते आठवत नाही, पण चहा झाला की विचारतात, "पमी निघाली काय?" पहिल्या दिवशी मी म्हटलं, निघेल. दुसऱ्या दिवशी म्हटलं, गाडी उशिरा आहे. आता रोज काय म्हणू? ‘येणार नाही’ म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि ‘येते’ म्हटलं की हे आत जाऊन कुर्ता बदलतात. मग अंगणात दोन खुर्च्या समोरासमोर मांडतात. तिसरी मांडू देत नाहीत. मी स्वयंपाकघरात उभी राहते. दिवे लागायची वेळ झाली तरी आता "घरी जाऊ" म्हणत नाहीत. म्हणतात, मी घरी पाहिजे, ती येईल.

केतनला हे पत्र दाखवून पाहा. नाहीतर राहू द्या, त्याच्या डोक्याला कशाला त्रास. मलाच कळत नाही मी काय मागून राहिले आहे.

काल पूर्णिमा वाटीभर साखर मागायला आली. तिला ह्यांनी फाटकातूनच परत पाठवलं. हात जोडून म्हणाले, "दीदी, आज नको. गर्दी नाही करायची. माझी बहीण येऊन राहिली आहे."

वसुधा